न सापडल्याच्या चिठ्ठ्या

बायको गेल्यानंतर दीड महिन्याने तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. चहा नको म्हणाल्या, पाणी घेतलं. मग म्हणाल्या, "नवीन ग्रंथपाल मिळायला वेळ लागेल. तोपर्यंत तुम्ही बसाल का तिथे? करायचं काही नाही. दार उघडायचं, मुलं येतील-जातील, लक्ष ठेवायचं."

मी सुतार. पुस्तकं वाचण्यापेक्षा पुस्तकांची कपाटं करण्यात माझं आयुष्य गेलं. पण घर खायला उठत होतं, म्हणून हो म्हटलं.

शाळेला तेव्हा सुट्टी होती. पहिल्या दिवशी दार उघडलं तर तिची खुर्ची टेबलाच्या आत नीट सरकवलेली. तिच्यावर उशी, आमच्या घरचीच. मी त्या खुर्चीत बसलो नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं आणि कपाटांकडे बघत राहिलो. उठून एकाला हात लावला, ते हललं. दुसऱ्याला लावला, तेही. सहाच्या सहा कपाटं डुगडुगत होती. एकतीस वर्षं ती या कपाटांत काम करत होती आणि घरात सुतार असून तिने मला कधी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. कपाट सरळ करायचं तर आधी रिकामं करावं लागतं. एकेक पुस्तक उचलायचं, झटकायचं, फडक्याने पुसायचं, खोक्यात ठेवायचं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक कागदी खिसा चिकटवलेला असतो, त्यात त्या पुस्तकाचं कार्ड राहतं. त्या खिशांत मला कार्डाबरोबर चिठ्ठ्या सापडायला लागल्या. कुठे एक, कुठे सात-आठ. वहीच्या पानाचे चार तुकडे केले तर एक तुकडा होईल तेवढ्या. अक्षर मुलांचं. एक-दोन वाचून बघितल्या. वर लिहिलेलं 'काय शोधलं', खाली 'काय नाही सापडलं'. एकीत होतं, 'पूल कधी बांधला ते शोधलं. कोणी बांधला ते नाही सापडलं.' खाली नाव नाही, नुसता वर्ग आणि साल.

मला वाटलं, मुलांची अर्धवट राहिलेली कामं आहेत, पुस्तकात विसरलेली. जुनी फळी परत वापरायची असेल तर आधी तिच्यातले मोडके खिळे उपसून टाकतात. मी तेच केलं. आठ दिवसांत तीन पोती भरली. रद्दीची गाडी आली तेव्हा शिपायाने दार धरलं आणि ती पोती मी माझ्या खांद्यावरून खाली नेली. मग पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणत कपाटं सरळ केली. पायांखाली खरं तर लाकडाच्या पाचरा घालायला हव्या होत्या. कंटाळा केला. हाताशी दहा-बारा चिठ्ठ्या राहिल्या होत्या, त्यांच्याच घड्या घालून ठोकल्या.

शेवटच्या दिवशी दारात उभं राहून बघितलं. एकही कपाट हलत नव्हतं. ती असती तर खूश झाली असती, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

शाळा उघडली. मुलं मला 'बाईंचे मिस्टर' म्हणायला लागली. दोन दिवसांत त्यातल्या बाई गळून पडल्या आणि मी नुसता 'मिस्टर' राहिलो. "मिस्टर, नकाशांचं पुस्तक कुठंय?" "मिस्टर, हा माझ्या बाकावर बसलाय." मला बरं वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात इतिहासाचे सर नववीचा वर्ग घेऊन आले. पस्तीस मुलं, त्यामुळे निम्मी खाली बसली. प्रकल्प सुरू करायचा होता.

"हे बघा," सर म्हणाले, "सुरुवात कशी करायची ते बाईंनी घालून दिलंय. आपण तसंच करायचं. आज पुस्तक उघडायचं नाही. आज फक्त प्रश्न. ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं येईल तो प्रश्न बाद. ज्याचं उत्तर एका ओळीत संपेल तोही बाद."

"म्हणजे परीक्षेतले सगळेच बाद, सर," एक मुलगा म्हणाला. याला वर्गात वकील म्हणायचे.

"खाली बसा, वकीलसाहेब. प्रश्न ठरला की त्या विषयाचं कपाट. पुस्तक सापडलं की त्याची डावी-उजवी बघायची. म्हणजे शेजारची पुस्तकं. बऱ्याचदा आपल्याला हवं ते शेजारी असतं. आणि पुस्तक वाचायच्याही आधी काय वाचायचं?"

"चिठ्ठ्या," अर्धा वर्ग एका सुरात म्हणाला.

मी स्टुलावरून कपाटांकडे बघितलं.

"बरोबर. बावीस वर्षं या शाळेतल्या प्रत्येक नववीने आपण कुठे अडकलो ते लिहून पुस्तकात ठेवलंय. सापडलं ते तुमच्या वहीत जातं, नाही सापडलं ते पुस्तकात ठेवा, असं बाई सांगायच्या. का? तर पुढच्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नये. मागचा जिथे थांबला तिथून निघावं."

मी समोरचं रजिस्टर उघडून त्यात डोकं घातलं. त्या पानावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

एक मुलगी उभी राहिली. वेणीत पेन्सिल खोचलेली, दोन्ही खिसे फुगलेले, तोंड कायम काहीतरी कुरतडणारं. तिला सगळे खार म्हणायचे. "सर, माझा प्रश्न मागच्या वर्षीच ठरलाय. आमच्या गल्लीखालून ओढा जातो. तो का झाकला आणि झाकल्यावर काय झालं. सहा वर्षांपूर्वी माझ्या ताईने हाच घेतला होता. ती आता लांब असते. म्हणते, मला काही आठवत नाही, पण कुठपर्यंत पोचले ते चिठ्ठीत सगळं लिहून ठेवलंय, तीच बघ. आजच बघू का?"

"बघ," सर हसून म्हणाले.

तिला पुस्तक कुठे आहे ते माहीत होतं. पाणीपुरवठ्याचा जुना अहवाल, जाड, वरच्या खणात. शिडीवर चढली, काढला, तिथेच उभी राहून मागचं पान उघडलं.

"मिस्टर, खिसा रिकामा आहे."

"डावी-उजवी बघ," सर म्हणाले.

तिने बघितली. एक, दोन, पाच. मग वकील उठला, मग बाकीचे. सगळ्या खोलीत पुठ्ठे उघडल्याचे आणि मिटल्याचे आवाज. पस्तीस मुलं रिकामे खिसे बघत होती आणि कपाटं अजिबात हलत नव्हती.

सर टेबलाशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "चिठ्ठ्या कुठायत?"

खरं सांगायला तीच वेळ बरोबर होती. मी म्हणालो, "मला माहीत नाही." इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सर माझ्याकडे बघत राहिले, आणि माझ्या तोंडातून निघालं, "तिनेच काढल्या असतील. जायच्या आधी आवराआवर करत होती."

 सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असेल. शेवटी शेवटी माणसाला भान राहत नाही."

मी मान हलवली.

तिला शेवटपर्यंत पूर्ण भान होतं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिने मला दोनच गोष्टी विचारल्या. गॅस बंद करून आलात का, आणि नववीचा प्रकल्प कधी सुरू होतोय. दुसऱ्यावर मी म्हणालो होतो, "आता तरी सोड ना ते." तिने सोडलं. परत विचारलं नाही.

त्या दिवशी स्टुलावर बसून मला आणखी एक आठवलं. फार वर्षांपूर्वी जेवताना ती म्हणाली होती, "आज एकीला काहीच सापडलं नाही. इतकं बरं वाटलं मला." मी हसलो होतो. म्हणालो, "मी दाराला कडी बसवायची विसरलो की गिऱ्हाइकालाही असंच बरं वाटतं." तीही हसली. पुढे काहीतरी सांगणार होती. मी भाजी मागितली.

पुढचे दहा दिवस वर्ग एक दिवसाआड येत होता. मुलं प्रश्न घेऊन माझ्याकडे यायची, मी सरांचं ऐकून ऐकून सांगायचो. "हे एका ओळीत संपतंय, मोठं कर." "हे फार मोठं झालं, एका गल्लीपुरतं कर." लाकूड कापण्यासारखंच होतं ते, माप आधी. जमायला लागलं होतं. मुलं आभार मानायची, आणि प्रत्येक आभाराला मी आतून आणखी आक्रसायचो.

एकदा मी शिडीवर होतो. खाली वकील दोघा-तिघांना सांगत होता, "औषधांनी होतं तसं. माझ्या आजोबांनी शेवटी घरातली सगळी घड्याळं पाण्यात घातली होती. वेळ धुवायचाय म्हणाले." कोणीतरी हसलं. "हसू नका, खरंच. बाईंचंही तसंच झालं असणार."

"बाई असं करणार नाहीत," खार म्हणाली. "आठवीत सरावाची चिठ्ठी मी टेबलावरच विसरले, तर त्यांनी मला दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला उठवून आणलं. स्वतःच्या हाताने ठेव म्हणाल्या."

"मग काय भुताने काढल्या?"

"ते शोधायचं असतं."

मी त्यांच्या डोक्यावर तीन फुटांवर होतो. हातातलं पुस्तक भलत्याच खणात ठेवलं. एकतीस वर्षं जिथे तिचा शब्द चालायचा, तिथे मुलं तिला भ्रमिष्ट ठरवत होती, आणि ते बियाणं माझं होतं.

खारीचा ओढा अडला. ताईला फोन लावून झाला, ताईला एवढंच आठवलं की कुठल्यातरी एका जुन्या पत्राचा उल्लेख होता. कुठलं पत्र, कुठे, ते चिठ्ठीत होतं. सरांनी तिला विषय बदलायला सांगितलं. उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती छापील तक्ता भरून माझ्याकडे आली. प्रकल्प सुरू करताना प्रत्येकाने तो भरायचा आणि खाली ग्रंथपालाची सही घ्यायची, हाही बाईंचाच नियम. वर प्रश्न. त्याखाली चार रकाने. काय माहीत आहे. कोणी सांगितलं. भरवसा किती. अजून कोणाला विचारणार.

मी चष्मा लावला.

प्रश्न: 'बाईंनी चिठ्ठ्या का काढल्या?'

काय माहीत आहे: 'शेवटच्या दिवसांत बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या स्वतः काढून टाकल्या.'

कोणी सांगितलं: 'बाईंचे मिस्टर.'

भरवसा किती: 'पूर्ण. घरचे आहेत.'

चौथा रकाना रिकामा होता. घरच्यांनीच सांगितल्यावर अजून कोणाला विचारायचं.

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना. म्हणालो, "तू तर म्हणत होतीस, बाई असं करणार नाहीत."

"म्हणत होते. पण तुम्ही सांगितलंत ना. 'मला वाटतं' हा काही पुरावा नाही." तिने खिशातून काहीतरी काढून तोंडात टाकलं. "सरांना विषय आवडला. म्हणाले, प्रदर्शनात मधल्या भिंतीवर लावू. वर बाईंचा फोटो, खाली हे. सही करता ना?"

"उद्या करतो."

"उद्या शेवटची तारीख आहे, मिस्टर."

"उद्या करतो म्हटलं ना."

मी तिच्यावर खेकसलो होतो. ती तक्ता घेऊन गेली. जाताना खुर्ची आत सरकवून गेली, बाईंच्या शिस्तीची.

घरी गेलो. स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने म्हणून बघितलं. "मी टाकल्या." दोन शब्द. अजिबात जड नव्हते. ऐकायला कोणी नसलं की काहीच जड नसतं.

सकाळी पेटीत पहार घातली, पाणसळ घातली. नववीचा तास सुरू झाला तेव्हा सरांना म्हणालो, "मला पाच मिनिटं हवीत. सगळ्यांसमोर." सर बाजूला झाले. त्यांना वाटलं असेल, बाईंची काही आठवण सांगणार.

"चिठ्ठ्या तिने नाही काढल्या," मी म्हणालो. "मी काढल्या. सुट्टीत. कचरा समजून. तीन पोती भरली, रद्दीत दिली. ती शेवटपर्यंत शुद्धीवर होती. दवाखान्यातून तुमच्या प्रकल्पाची चौकशी करत होती."

 मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. पस्तीस मुलं तोंडाकडे बघत असताना आपलं तोंड कुठे ठेवायचं तेच कळत नाही.

वकील उभा राहिला. "मग बाईंवर का घातलंत?"

"लाज वाटली म्हणून."

"म्हणून बाईंना पुढे केलंत?"

"पुरे," सर म्हणाले.

"नको, सर. विचारू दे त्याला." मी वकिलाकडे बघितलं. "हो. तिला पुढे केलं. ती काही बोलणार नव्हती."

तो बसला. त्याने मान खाली घातली. का कुणास ठाऊक, घालायची मी होती.

सर खिडकीकडे वळले होते. तिकडेच बघत म्हणाले, "मीही लगेच खरं मानलं. वीस वर्षं ओळखत होतो त्यांना." ते माझ्याशी बोलत नव्हते.

"थोड्या शिल्लक आहेत," मी म्हणालो. "कपाटांच्या पायांखाली."

मुलांनी पुस्तकं उतरवली, कोणीही न सांगता ओळीने, खणाच्या खण. मी पहार घालून कपाट बोटभर उचलायचो, दोघं जण धरायचे, आणि खार जमिनीवर पालथी पडून पेन्सिलीने घडी बाहेर ओढायची. एकेक घडी दाबून दाबून लाकडासारखी कडक झाली होती. मी चांगल्या ठोकल्या होत्या. सगळ्या मिळून अकरा निघाल्या. तिने त्या टेबलावर ठेवून नखाने उलगडल्या. दोन फाटल्या. काहींवर पायाचा चौकोनी डाग बसला होता, नेमका अक्षरांवर.

"वाच," सर म्हणाले.

"'आपल्याकडे मीठ कुठून यायचं ते शोधलं. दोन पुस्तकांत सापडलं. गाढवांवरून यायचं. गाढवं कोणाची होती ते नाही सापडलं.'" वर्गात हसू आलं. "सतरा वर्षांपूर्वीची आहे."

"मी घेतो हा," मागून कोणीतरी म्हणालं. "गाढवं कोणाची ते."

"तुझ्याच घरची निघायची," वकील म्हणाला. पण त्याचं लक्ष विनोदात नव्हतं.

मला तेव्हा कळलं, तिला त्या दिवशी बरं का वाटलं होतं. एका मुलीला काही सापडलं नाही, म्हणजे पुढच्या कोणासाठी तरी एक दार उघडं राहिलं. एवढं समजायला एक मिनिट लागलं असतं. मी भाजी मागितली होती.

खारीने अकराही चिठ्ठ्या वाचून काढल्या. मग परत पहिल्यापासून वाचल्या, उलट्या करून मागेही बघितलं.

"ताईची नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "चुकलं माझं."

तिने ठीक आहे म्हटलं नाही. ते बरंच केलं, कारण ठीक नव्हतं. ती उठली, गुडघे झटकले. पुस्तकं परत लागली. घड्या निघाल्यामुळे कपाटं पुन्हा डुगडुगायला लागली होती. "आता परत हलतायत," एक जण म्हणाला. "बाईंच्या वेळी हलतच होती," दुसरा म्हणाला, आणि मला ते फटक्यासारखं लागलं.

तास संपल्यावर मुलं गेली, सर गेले. जाताना त्यांनी खांद्यावर हात ठेवला नाही. खार मागे राहिली. तक्ता टेबलावर पसरून तिने जुना प्रश्न खोडला आणि वर नवीन लिहिला, 'चिठ्ठ्या कुठे गेल्या आणि त्यांच्याबरोबर काय गेलं?' काय माहीत आहे, त्यात तीन पोती, रद्दीची गाडी, अकरा शिल्लक. 'कोणी सांगितलं' तसंच राहिलं, 'बाईंचे मिस्टर'. मग 'भरवसा किती' मधलं 'पूर्ण. घरचे आहेत' तिने एका रेघेत खोडलं आणि पेन्सिल तिथेच थांबली.

"मिस्टर, इथे काय लिहू?"

"तुला वाटेल ते लिही."

"वाटणं नको." ती खरोखर विचार करत होती, मला टोचून बोलत नव्हती. "आधी तुम्ही खोटं सांगितलंत. आता खरं सांगितलंत. पण आता खरं सांगितलं हेही तुम्हीच सांगताय."

 मी म्हणालो, "माझं धरू नकोस. डावी-उजवी बघ."

"म्हणजे?"

"रद्दीच्या गाडीवाल्याला विचार. नक्की कोणत्या दिवशी आला, किती पोती नेली, पुढे कुठे दिली. शिपायाने दार धरलं होतं. पोत्यात काय आहे ते त्याला माहीत नव्हतं, पण ती कोणाच्या खांद्यावर होती ते त्याने बघितलंय."

तिने शेवटच्या रकान्यात दोघांना लिहिलं, शिपाई आधी, गाडीवाला नंतर. भरवशाचा रकाना रिकामाच ठेवला. तक्ता माझ्याकडे सरकवला. "सही करून ठेवा. शिपाईकाका डबा खायला बसायच्या आत त्यांना गाठते."

ती गेली. खाली सहीच्या जागी 'ग्रंथपाल' असं छापलेलं होतं. मी तो शब्द खोडला, शेजारी 'सुतार' असं लिहिलं आणि सही केली. मग पेटीतून लाकडाचा एक तुकडा काढला आणि पाचरा तासायला बसलो.